विहाराच्या अंगणातले बाकडे मोडीत काढू नका

आपल्या बहुतेक वस्त्यांत बुद्धविहाराच्या अंगणात, पिंपळाखाली किंवा पाण्याच्या टाकीशेजारी एखादे लाकडी बाकडे असते. उद्यमनगरातल्या फौंड्रीतून पाळी संपवून आलेला कामगार त्यावर घटकाभर टेकतो. पहाटे रस्ते झाडून परतलेल्या भगिनी तिथे पाठ टेकवतात. वंदनेला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना खाली मांडी घालून बसवत नाही, त्यांचा आधार तेच बाकडे असते. दहा-वीस वर्षे ऊन-पाऊस खाऊन त्याची एखादी फळी कुजते, एक पाय तळाशी भुसभुशीत होतो आणि मग कमिटीच्या बैठकीत विषय निघतो : "हे मोडून टाकू, सिमेंटचे आणू."

हा निर्णय घेण्याआधी थोडे थांबावे, एवढीच या लेखामागची विनंती आहे. उघड्यावरचे जुने सागवानी बाकडे काळे-करडे पडले म्हणजे ते मेले असे नसते. अशा बाकड्याचे बहुतेक भाग धड असतात. बसायच्या दोन-तीन फळ्या आणि पायांचे तळ एवढेच खराब झालेले असते. तेवढेच बदलले तर बाकडे आणखी एक पिढी टिकू शकते. मात्र बदली लाकूड योग्य हवे. चुकीचे लाकूड घातले तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच दुखणे.

बसण्याच्या जागेचा इतिहास

आपल्या समाजाला बाकड्याचे मोल सांगायला नको. सातारच्या शाळेत बालपणी बाबासाहेबांना वर्गाच्या एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे आणि तो रोज परत घरी आणावा लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला मदत केली. महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. एकाच ठिकाणी बसणे, एकाच भांड्यातले पिणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यानंतर 21 आणि 22 मार्च 1920 रोजी माणगावची परिषद झाली. बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा 1950 साली, त्यांच्या हयातीतच उभा राहिला.

अशा जिल्ह्यात विहाराच्या अंगणात कोणीही यावे आणि कोणाच्याही शेजारी बसावे असे बाकडे ठेवणे हे त्याच परंपरेतले काम आहे. म्हणून ते डगमगते, खिळा वर आलेले, लुगडे फाडणारे असू नये.

आधी नीट तपासणी

भीमजयंतीची धावपळ संपली की एप्रिल-मे महिन्यात हे काम काढावे. लाकूड कोरडे असते आणि आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होण्याआधी बाकडे तयार होते.

पहिल्या दिवशी हत्यार हातात घेऊ नये. बादलीभर पाणी, थोडा कपडे धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश घेऊन बाकडे धुवावे. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे बारीक कण लाकडात रुततात आणि नंतर काळे डाग पडतात. धुतल्यावर दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावे.

मग चांभारी दाभण किंवा बारीक पेचकस घेऊन जागोजागी टोचून पाहावे. टोक जेमतेम रुतले तर लाकूड धड आहे, वरचा करडेपणा हा नुसता उन्हाचा परिणाम आहे. ऊन लाकडाच्या वरच्या पातळ थरातले धागे जोडून ठेवणारे द्रव्य मोडते, पाऊस ते धुऊन नेतो आणि राखाडी रंग उरतो. रंधा मारला की खाली मूळ सोनेरी लाकूड दिसते. टोक लोण्यात गेल्यासारखे अर्धा इंच आत गेले तर ती कूज समजावी. बोटाच्या गाठीने ठोकूनही कळते. धड लाकूड ठणठणीत वाजते, कुजलेले भद्द आवाज करते.

कूज बहुतेक तीनच ठिकाणी सापडते. पहिली जागा पायांच्या तळाशी. लाकडाची टोके म्हणजे कापलेल्या नळ्यांची तोंडे असतात, फळीच्या पाठीपेक्षा ती कितीतरी जास्त पाणी ओढतात. दुसरी जागा सांध्यांत, जिथे पाणी साचते आणि वारा पोचत नाही. तिसरी खिळ्यांभोवती. लोखंडी खिळा गंजला की फुगतो, लाकूड चिरतो आणि त्या चिरेतून पाणी आत शिरते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कूज धरत नाही. म्हणजे सारी लढाई पाणी साचू न देण्याची आहे, हे लक्षात ठेवावे.

वाळवीची मातीची वाट किंवा किड्यांची टाचणीएवढी भोके आणि त्याखाली पिठासारखा भुगा दिसला तर तो भाग काढून लांब न्यावा, विहाराच्या दारा-खिडक्यांजवळ ठेवू नये.

बदली लाकूड कोणते घ्यावे

नियम सोपा आहे : जुने लाकूड ज्या जातीचे, त्याच जातीचे नवे घ्यावे. ते न मिळाल्यास वजनाने, कठीणपणाने आणि पाण्यात टिकण्याने त्याच्या जवळचे घ्यावे. एकाच बाकड्यात एक फळी फार फुगणारी आणि शेजारची न फुगणारी असली की सांधे ढिले होतात.

सागवान : उघड्यावरच्या कामासाठी पहिला मान याचाच. अंगचे तेल असल्यामुळे पाणी आणि वाळवी दोन्हींना ते तोंड देते आणि फारसे वाकत नाही. कोल्हापूरकडे दांडेलीचे सागवान नावाजलेले आहे, तसेच चंद्रपूर-बल्लारपूरकडचे 'सीपी सागवान'ही ओळखले जाते. पण सागवान या नावावर भुलू नये. झाडाच्या आतला तपकिरी गाभाच टिकतो. सालीलगतचा पांढुरका भाग सागाचा असला तरी लवकर कुजतो आणि किड्यांनाही तोच आवडतो. बांधावरच्या कोवळ्या सागात किंवा परदेशातून येणाऱ्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग पुष्कळ असतो. फळीच्या चारी कडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

किंजळ, ऐन आणि फणस : सह्याद्रीच्या पट्ट्यातली ही ओळखीची लाकडे. कोकणात घरांच्या कामात किंजळ आणि फणस पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. सागवान परवडत नसेल तर पाठीच्या पट्ट्या आणि बसायच्या फळ्या यांच्या करता येतात. ऐन जड आणि मजबूत असतो, पण नीट वाळलेला नसला तर तडकतो.

बाभूळ : बैलगाडीची चाके आणि शेतीची अवजारे ज्याची होतात ते लाकूड. जिच्या सालीने कोल्हापुरी चपलांचे कातडे कमावले जाते तीच ही बाभूळ. सरळ लांब फळी क्वचितच मिळते आणि रंधा मारताना घाम निघतो. मात्र पायाचा जोड-तुकडा आणि लाकडी खुंट्या यांसाठी ती उत्तम.

जांभूळ : पाण्याच्या सान्निध्यात टिकणारे म्हणून जुन्या लोकांत याचे नाव आहे. वाळताना पिळते, म्हणून आखूड तुकड्यांसाठीच घ्यावे.

काय घेऊ नये : आंबा स्वस्त आहे, पण तो खोक्यांचे लाकूड आहे. उघड्यावर त्याला बुरशी आणि कीड लवकर लागते. निलगिरी पिळते आणि फाटते. कारखान्यातून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांचे पाइन फुकट मिळते म्हणून लावावेसे वाटते, ते पावसात फार टिकत नाही. साधा प्लायवूड आणि भुशाचे बोर्ड उघड्यावर लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणेच.

जुने सागवान : गरिबाच्या खिशाला हा सर्वांत चांगला मार्ग. वाडे आणि जुनी घरे पाडली जातात तेव्हा तुळया, चौकटी, दारे विकायला येतात. हे लाकूड कित्येक वर्षे वाळून शांत झालेले असते आणि पुष्कळदा जुन्या, भरगच्च गाभ्याचे असते. फक्त त्यातले सगळे खिळे उपटून घ्यावेत, नाहीतर करवतीचे दात जातात. लोहचुंबक फिरवला की लपलेला खिळा सापडतो. वखारीतून नवे घ्या की जुने घ्या, पावती मागावी. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यासारख्या जंगलातून चोरून तोडलेले लाकूड स्वस्तात मिळाले तरी ते विहारात आणू नये. 'जे दिलेले नाही ते घेणार नाही' हे शील आपण रोज घेतो.

फळी वाळली आहे का, हे कसे ओळखावे? हवेवर वाळवायला इंचभर जाडीला सुमारे एक वर्ष, असा सुतारकामातला जुना अंदाज आहे. घरी एक सोपी परीक्षा करता येते. फळी वाण्याच्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवावे. आठ-दहा दिवस सावलीत, खाली काठ्या घालून, वारा लागेल अशी ठेवावी आणि पुन्हा तोलावी. वजन उतरले असेल तर ती अजून ओली आहे, थांबावे.

किती लाकूड लागेल

लाकूड घनफुटावर विकले जाते आणि हिशेब येत नसला की माणूस फसतो. हिशेब असा : लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यावी, तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागावे. समजा 4 फूट लांबीच्या चार फळ्या हव्यात आणि रंधून त्या 4 इंच रुंद, 1 इंच जाड उरायला हव्यात. रंध्यात जाणारा भाग धरून साडेचार इंच रुंद आणि सव्वा इंच जाड घ्याव्यात. 4 गुणिले 4.5 गुणिले 1.25 म्हणजे 22.5. त्याला 144 ने भागले की एका फळीचे 0.156 घनफूट होतात. चार फळ्यांचे 0.625. टोके छाटायला इंच-दोन इंच जास्त धरले तरी पाऊण घनफुटात काम होते. एवढा हिशेब घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाकडून करून घ्यावा आणि मगच टिंबर मार्केटात जावे.

फळी निवडताना तिच्या टोकाकडे पाहावे. तिथल्या वर्तुळांच्या रेषा उभ्या असल्या तर फळी कमी वाकते, आडव्या कमानीसारख्या असल्या तर पन्हाळीसारखी वळण्याचा संभव जास्त. एक डोळा मिटून लांबीकडून पाहिले की पीळ दिसतो.

प्रत्यक्ष काम

हत्यारे थोडी लागतात : करवत, रंधा, दोन पटाश्या, हातोडी, गुण्या, गिरमिट आणि पॉलिश पेपर. वस्तीत सुतारकाम जाणणारा कोणी असेल तर त्याला मार्गदर्शनाला बोलवावे, पण त्याच्या श्रमाचा मोबदला जरूर द्यावा.

जुनी फळी उखडताना पहार घालू नये, बाकीचे सांधे हलतात. गंजलेल्या खिळ्याचे डोके कापून फळी उचलावी. काढलेली फळी हाच नव्या फळीचा नमुना. ती नव्या लाकडावर ठेवून खुणा कराव्यात.

दोन फळ्यांमध्ये दोन ते तीन सूत फट ठेवावी. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते. फट नसेल तर फळ्या एकमेकींना ढकलून उचकटतात, पाणीही साचते. फळीच्या कडा थोड्या गोल कराव्यात. त्यामुळे पाणी ओघळते आणि मांडीला कडा लागत नाही.

लोखंडी खिळ्यांऐवजी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. सागवान, ऐन, बाभूळ यांच्या रसाशी लोखंडाचा संबंध आला की काळे ओघळ उठतात. स्क्रूसाठी आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे, नाहीतर फळी टोकाशी फाटते. खर्च थोडा वाढेल, पण एका फळीला चारच स्क्रू लागतात.

पाय तळाशी कुजला असेल तर सबंध पाय बदलण्याचे कारण नाही. कूज संपून धड लाकूड लागते त्याच्याही दोन इंच वर खूण करावी. तिथे पाच-सहा इंच लांबीत पायाची निम्मी जाडी कापून काढावी. नव्या तुकड्याची तेवढीच निम्मी जाडी कापून दोन्ही एकमेकांवर बसवावे. पाण्यात टिकणारा मरीन गोंद किंवा अराल्डाइट लावून, आरपार दोन भोके पाडून बाभळीच्या खुंट्या ठोकाव्यात. साधा पांढरा गोंद उघड्यावर सुटतो. सांधा असा करावा की वरच्या लाकडाचा उतार बाहेर येईल आणि पाणी आत न मुरता खाली ओघळेल. कुसू ढिले झाले असेल तर त्याला बारीक पाचर मारून पुन्हा भोकात घट्ट बसवता येते.

शेवटी पायांची टोके तेलात किंवा पातळ केलेल्या वॉर्निशात चांगली मुरवावीत आणि प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा. ओल्या मातीशी लाकडाचा संबंध तुटला की निम्मा रोग गेला.

तेल की रंग?

बाकड्यावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून आली, त्याआधीच्या रंगाबाबत सावध राहावे. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, तोंडाला रुमाल बांधावा, लहान मुलांना आणि गरोदर भगिनींना दूर ठेवावे, खरवडलेला रंग कागदात गोळा करून टाकावा.

नव्या कामाला बेलतेल, म्हणजे उकळलेले अळशीचे तेल, सर्वांत सोपे. पहिला हात निम्मे तेल, निम्मे टर्पेंटाइन असा द्यावा. एक दिवस वाळवून दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी अर्ध्या तासाने जास्तीचे तेल कापडाने पुसून घ्यावे, नाहीतर चिकट राहते आणि धूळ धरते. एक सूचना फार महत्त्वाची आहे : तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. दरवर्षी पावसाळ्याआधी तेलाचा एक हात दिला की पुरे.

नवी फळी पिवळसर आणि जुनी करडी, असे ठिगळ काही महिने दिसेल. ते लपवण्यासाठी रंग फासू नये. एक-दोन वर्षांत ऊन दोघींना सारखे करते.

पुरात भिजलेले बाकडे

पंचगंगेच्या 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत नदीकाठच्या कित्येक वस्त्यांत घरातले लाकूडसामान दिवसेंदिवस पाण्यात राहिले. अशा वेळी पुष्कळ लोकांनी धड सामान फेकून दिले. भिजलेले लाकूड आधी स्वच्छ पाण्याने धुऊन गाळ काढावा. कडक उन्हात ठेवू नये, वरचा थर झपाट्याने आकसतो आणि फळी तडकते. सावलीत, वाऱ्यावर, चारी बाजूंनी मोकळे ठेवून कित्येक आठवडे वाळू द्यावे. पूर्ण वाळल्याशिवाय तेल, रंग, गोंद काही लावू नये. सागवानी बाकडे बहुधा वाचते, प्लायवूडचे कपाट बहुधा वाचत नाही.

नावाची फळी

आपल्याकडे पुष्कळ बाकडी दानाची असतात. पाठीच्या फळीवर 'कालकथित' आईच्या किंवा वडिलांच्या स्मरणार्थ असे रंगवलेले असते. ते बाकडे ज्यांनी दिले त्यांनी कदाचित महिन्याचा पगार त्यात घातला असेल. नेमकी तीच फळी खराब निघाली तर ती जाळायला देऊ नये. अक्षरांचा भाग धड असेल तर तेवढा कापून, नव्या फळीत खाच करून बसवावा. तोही गेला असेल तर नाव नव्या फळीवर पटाशीने कोरून घ्यावे. रंग उडतो, कोरलेले राहते. आधी त्या कुटुंबाला मात्र विचारावे. त्यांच्या घरातले कोणी कामाला येऊन बसले तर फारच चांगले.

आनंदाचे उत्तर

विनयपिटकात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हे श्रमण करणार काय? त्याने आनंदांना विचारले. आनंदांनी सांगितले की, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गाद्यांच्या खोळी. खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. अंथरणांचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? फडकी. आणि फडकी फाटली की ती बारीक करून चिखलात मिसळून लिंपणाला वापरू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. दान घेणाऱ्याने दानाची किंमत कशी राखावी, याचा याहून चांगला धडा नाही.

कुजून निरुपयोगी झालेल्या फळीतूनही धड राहिलेला हातभर तुकडा निघतो. त्याची खुंटी होते, पाचर होते, पुस्तके ठेवायची लहान फळी होते.

आणखी एक गोष्ट. जन्माने ठरवून दिलेले धंदे माणसावर लादणे ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली दाखवून दिले. रंधा आणि पटाशी कोणा एका जातीची नाहीत. आपल्या मुला-मुलींनी ती हातात घ्यावीत. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकण्याची सोय असते, आवड दिसली तर त्या वाटेनेही जाता येते. बाकड्याचे काम दोन रविवारांचे आहे. पहिल्या रविवारी धुणे, तपासणे, मोजमाप. मधल्या दिवसांत लाकूड आणून वाळवणे. शेवटच्या रविवारी जोडकाम, नंतर रोज संध्याकाळी तेलाचा एकेक हात. महिला मंडळाने पॉलिश पेपर आणि तेल, तरुणांनी करवत आणि रंधा, मुलांनी हिशेब असे वाटून घेतले तर खर्च लाकूड, स्क्रू, गोंद आणि तेल एवढाच राहतो. त्याचा जमाखर्च लिहून विहाराच्या फलकावर लावावा.

वर्षावासात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ग्रंथाचे वाचन सुरू होईल. पावसाची उघडीप मिळाली की वयस्कर मंडळी आत जाण्याआधी अंगणात थोडी टेकतील. त्या वेळी बाकडे डगमगू नये, एवढी काळजी या उन्हाळ्यात घ्यावी.